चुलतभावाने पाठवलेले दोनशे रुपये कुठे भरायचे?

बूमवाला

मंडळी, प्रश्न दोनशे रुपयांचाच आहे, पण पंधरा दिवस झाले, डोक्यातून जात नाही. म्हणून इथे मांडतो.

मी मराठी सिनेमांसाठी आवाजाचं काम करतो. सुरुवात शूटिंगवर बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरण्यापासून झाली, आता फॉली (पावलं, भांडी असे आवाज स्टुडिओत नव्याने करणं) आणि ध्वनिसंकलन करतो. राहायला पुण्यात, गाव खटाव तालुक्यात, पुसेगावच्या जवळ. मागच्या सिनेमावर माझे सात महिने गेले. सिनेमाचं नाव लिहीत नाही, कारण मग चर्चा त्याच्यावरच होईल.

त्यात एक प्रसंग आहे. पहाटे आई चुलीपुढे भाकऱ्या थापतेय आणि मागे दारात उभा राहून मुलगा सांगतो की मी कॉलेज सोडलं, मुंबईला चाललो. ती वळून बघत नाही, बोलत नाही. फक्त थापण्याची लय एकदा चुकते. सगळा प्रसंग त्या एका चुकीवर उभा आहे. स्टुडिओत दोन दिवस घालवले, आवाज जमेना. आमच्यातल्या कुणालाच भाकरी थापता येत नव्हती, ते ऐकू येत होतं. शेवटी गावाहून माझ्या आईला बोलावून घेतलं. माइकसमोर काठवट, ज्वारीचं पीठ, तांब्याभर कोमट पाणी. आईने विचारलं, "किती करायच्या?" म्हटलं, "मी थांब म्हणेपर्यंत." तिने सतरा थापल्या. अकराव्या भाकरीला तिची बांगडी काठवटीच्या काठाला लागली, हात पळभर थांबला आणि परत सुरू झाला. तीच अकरावी सिनेमात आहे.

सिनेमा लागला. साताऱ्यात एकच खेळ मिळाला, सकाळी पावणेदहाचा. आमच्या गावापासून सातारा पस्तीस-चाळीस किलोमीटर. माझा चुलतभाऊ चार म्हशी सांभाळतो. धारा काढून, दूध डेअरीला घालून तो रविवारी बायको-पोरांना घेऊन गेलाही होता. तिथे सांगितलं की पाचच तिकिटं गेलीत, खेळ रद्द. पैसे परत दिले. पोरांना वडापाव खाऊ घालून तो माघारी आला. पुढच्या शुक्रवारी सिनेमा उतरला. त्यानंतर आजतागायत तो कुठल्याही ॲपवर आलेला नाही.

गेल्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावी गेलो, तर हा गोठ्यातूनच ओरडला, "दादा, बघितला तुझा पिक्चर!" एवढा आनंद झाला होता त्याला. मोबाईल काढला. टेलिग्रामवर आलेली थिएटर प्रिंट, म्हणजे थिएटरात बसून चोरून कॅमेऱ्यात उतरवलेली. आधी त्याने रिचार्जबरोबर मिळालेल्या ॲपवर नाव टाकून पाहिलं होतं, तिथे नव्हता. मग टेलिग्रामवर नाव टाकलं, लगेच मिळाला.

आम्ही दोघांनी तो भाकरीचा प्रसंग लावला. पडदा तिरका, डावीकडे कुणाचं तरी डोकं. मुलगा बोलायला लागतो तेव्हा जवळच कुणीतरी दोनदा खोकतं. नंतर एक फोन वाजतो, आणि तो नेमका बांगडीवर. बांगडी ऐकूच येत नाही. भाऊ म्हणाला, "मला वाटलं, आतल्या खोलीत त्यांचं म्हातारं खोकतंय. मस्त दाखवलंय."

मला बोलता येईना. थोड्या वेळाने त्याला सांगितलं, ते म्हातारं सिनेमात नाही, आणि जे आहे ते तुझ्या काकूच्या हातचं आहे, ते तुला ऐकूच आलेलं नाही. तो काही बोलला नाही, वैरण टाकायला गेला. रात्री फोनवर दोनशे रुपये आले. खाली लिहिलेलं, "तिकिटाचे. कुठं भरायचे ते तू भर."

मी इतकी वर्षं अशा बघणाऱ्यांना फुकटे म्हणत आलो. वाद घालताना आकडे फेकायचो. ईवाय ही सल्लागार कंपनी आणि आयएएमएआय ही इंटरनेट कंपन्यांची संघटना, यांचा २०२४ चा अहवाल आहे, त्यात भारतातली २०२३ ची पायरसी २२,४०० कोटींची धरली आहे आणि मनोरंजन बघणाऱ्यांपैकी ५१ टक्के लोक चोरीच्या वाटेने काही ना काही बघतात असं म्हटलंय. हे आकडे मला पाठ होते. पण त्या ५१ टक्क्यांत माझा भाऊ आहे, आणि त्याने तर खिशातून पैसे काढून खिडकीवर दिले होते. खिडकीने परत केले.

म्हणून विचारतो. जे असं बघतात त्यांनी मोकळेपणाने सांगा, का बघता? मी भांडणार नाही. आणि हे दोनशे रुपये मी कुठे भरू?

परभणीकर_मोबाईल

भाऊ, मी तुमच्या समोरच्या बाजूचा माणूस आहे. वाचून गप्प बसलो असतो, पण तुम्ही भांडणार नाही म्हणालात म्हणून लिहितो.

२००९ पासून माझं स्टँडजवळ मोबाईलचं दुकान आहे. काचेवर लाल रेडियममध्ये लिहिलं होतं, 'येथे डाउनलोडिंग करून मिळेल'. दोन जीबीचं कार्ड तीस रुपयांत भरून द्यायचो, चार जीबीचं पन्नासात. कॉम्प्युटरवर फोल्डर केलेले: हिंदी नवे, मराठी, साऊथ डब, कीर्तन, लावणी. दसरा झाला की ऊसतोडवाल्यांची रांग लागायची. पाच-सहा महिने घराबाहेर राहायचं, कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, लाईट नाही, रेंज नाही. मोबाईल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करायचे. एक जण दरवर्षी यायचा आणि सांगायचा, "भाऊ, मराठीच भरा. घरच्या माणसाला हिंदी उमगत नाही." त्याची बायको कधी दुकानात आली नाही, पण तिची आवड मला पाठ झाली होती. मारामारी नको, रडायचं चालंल.

आपण चोरी करतोय असं तेव्हा मनात आलं नाही, खरं सांगतो. मला वाटायचं आपण लायब्ररी चालवतो. २०१३-१४ च्या सुमारास एकदा व्हीसीडीच्या एजंटाला विचारलंही होतं की कायद्याने कार्डात भरून द्यायचा काही मार्ग आहे का, तुमचा हिस्सा मी आणून देतो. तो हसला. म्हणला, असलं काही नसतं.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि वर्षभरात माझा तो धंदा बसला. आता तीच माणसं येतात, "भाऊ, ते ॲप चालू करून द्या." आता ऐका काय काय लागतं ते. ईमेल पाहिजे. माणसाला ईमेल नाही, मीच काढून देतो. शे-दीडशे जणांचे पासवर्ड माझ्या वहीत आहेत. मग ओटीपी. मग पैसे भरायला यूपीआय, त्यात ऑटोपे. माणूस म्हणतो एक महिना बघू. दर महिन्याला पैसे कटत राहतात, हे त्याला तिसऱ्या महिन्यात कळतं, बँकेत मजुरीचे पैसे कमी दिसले की. मग भांडायला माझ्याकडंच येतो. "तुम्हीच लावून दिलं होतं." गेल्या साली एका म्हाताऱ्याला मी माझ्या गल्ल्यातून पैसे दिले. तेव्हापासून मी कुणाला ॲप चालू करून देत नाही.

टेलिग्राम यातलं काहीच मागत नाही. फाईल तीन-चारशे एमबीची, एकदा उतरवली की रानात बसून बघा, दुसऱ्याला द्या. गिऱ्हाईक पैशाला चिकट आहे असं माझ्या काउंटरवर तरी दिसलं नाही. तीस रुपये रोख मोजणारीच माणसं होती ती. आजही एक सिनेमा, वीस रुपये, हातात रोख, असं कुणी घेत असेल तर देतील. पण वीस रुपये घ्यायला कुणी उभंच नाही. सगळ्यांना महिना पाहिजे, वर्ष पाहिजे.

तुमच्या आईच्या बांगडीचं वाचून जीव कसनुसा झाला. असे किती आवाज मी कार्डात भरले असतील.

नेकारकाठ

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहते. माझी गोष्ट पैशाची नाही, ओटीपीच्या कटकटीचीही नाही. मला दारातच उभं करतात.

घरी तीन ॲपचे पैसे भरतो. त्यातलं एक भारतातही चालतं, नाशिकला आईकडे तेच आहे. आई फोनवर सांगते, अगं अमुक मराठी सिनेमा आलाय, छान आहे, बघ. मी तेच ॲप उघडते, नाव टाकते, नाही. कधी पोस्टर दिसतं आणि दाबलं की पाटी येते, तुमच्या देशात उपलब्ध नाही. मग निव्वळ मराठीचं म्हणून एक ॲप घ्यायला गेले, तर त्याला भारतातला मोबाईल नंबर हवा. आईचा नंबर दिला, तिच्याकडून ओटीपी घेतला, तर इथलं कार्ड घेईना. रात्री साडेअकराला (आईकडे पहाटेचे तीन!) आम्ही मायलेकी पैसे द्यायला धडपडतोय आणि पैसे घेतले जात नाहीत.

इथे टोरेंटवरून चोरीचे सिनेमे उतरवायच्या वाटेला कुणी जात नाही. वकिलाचं पत्र येतं आणि शेकडो युरो भरावे लागतात. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याला आलं होतं. मग काय होतं, तर आई पेन ड्राईव्ह पाठवते. कुणी येणारं असलं की रव्याचे लाडू, भाजणी आणि त्या पिशवीत पेन ड्राईव्ह. तिला शेजारचा मुलगा भरून देतो. तो कुठून भरतो हे मी विचारलेलं नाही, आणि का विचारलेलं नाही ते मला माहीत आहे.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. शाळेत जर्मन, मैत्रिणींशी जर्मन. 'अय्या', 'चल हट', 'काय गं' हे ती माझ्याकडून शिकली नाही, सिनेमांतून शिकली. तिचं मराठी लाडवांच्या डब्यातून येतं. महाराष्ट्र मंडळ वर्षाकाठी दोन-तीन सिनेमे रविवारी सकाळी थिएटर भाड्याने घेऊन दाखवतं, आम्ही चौघंही तिकीट काढून जातो, हॉल भरतो. म्हणजे बघणारे आहेत. बाकीचे पन्नास रविवार काय करायचं?

डोअरकीपरचा मुलगा

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले. सहानुभूती आहे, पण चोरीला चोरीच म्हणावं.

माझे वडील सोलापुरात एका टॉकीजवर एकतीस वर्षं डोअरकीपर होते. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नसत तो बाहेर भिंतीला टेकून संवाद ऐकायचा. वडील त्याला हाकलत नसत, पण आतही घेत नसत. व्हिडिओ पार्लर आले, मग केबलवाले नवा सिनेमा रात्री लावायला लागले, तेव्हाही लोक हेच म्हणत की आमची सोय बघितली जात नाही. त्या टॉकीजच्या जागी आज मंगल कार्यालय आहे. वडिलांची शेवटची दोन वर्षं अर्ध्या पगारावर गेली.

बूमवाला, तुमचा भाऊ बघून मोकळा झाला. पण तो खोकणारा माणूस ज्याच्या शेजारी बसला होता, त्याने कॅमेरा लावून धंदा केला, हे विसरू नका. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात त्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आहे आणि दंड कमीत कमी तीन लाख, जास्तीत जास्त निर्मितीखर्चाच्या पाच टक्के. अशा टेलिग्राम चॅनेलवर जुगाराच्या जाहिराती असतात. तुमच्या आईच्या बांगडीवर पैसे तोच कमावतोय.

आणि वीस हजारांचा फोन घेणाऱ्याला दीडशे रुपये जड होतात, असेही लाखो आहेत. त्यांनी परभणीच्या ऊसतोडवाल्याच्या मागे लपू नये.

बूमवाला

सोलापूरकर दादा, तुमच्या वडिलांबद्दल वाचून हात जोडावेसे वाटले. कॅमेरा लावणाऱ्याबद्दल माझं तुमच्याशी दुमत नाही. त्याला शिक्षा व्हावी, आणि मी साक्ष द्यायला येईन. पण त्याला पकडला तरी माझ्या भावाला सिनेमा दिसत नाही. पावणेदहाचा रद्द झालेला खेळ तसाच राहतो. कोर्ट साइट बंद करतं, दुसऱ्या नावाने ती उघडते. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यासाठीच असा आदेश काढला की प्रत्येक नव्या नावाला नवा खटला नको. सहा वर्षं उलटून गेली, आणि भावाच्या फोनवर लगेच मिळतोच.

परवा निर्मात्याकडे गेलो. पाकिटात घालून दोनशे रुपये टेबलावर ठेवले आणि भावाची हकिकत सांगितली. तो बराच वेळ पाकिटाकडे बघत बसला. मग त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एका मोठ्या ॲपने उत्तरच दिलेलं नाही. दुसऱ्याने सांगितलं की एकरकमी घेणार नाही, लोक जितकी मिनिटं बघतील तितके पैसे, आणि ती मिनिटं आम्ही सांगू ती. तिसरं ॲप घेतो म्हणालं होतं, तर त्याच्याकडे आधीच्या दोन निर्मात्यांचे पैसे अडकलेत. नेकारकाठ ताई, परदेशाचे हक्क त्याने एका माणसाला आधीच देऊन टाकलेत, आणि त्या माणसाने ते आजवर कुठेही लावलेले नाहीत. करार पाच वर्षांचा. म्हणजे तुमच्या दारातली ती पाटी कुठल्या तरी कपाटातल्या कागदावरून येते. मंडळाच्या खेळासाठी मात्र तो हक्कदाराशी बोलायला तयार आहे. मंडळाचा मेल पत्ता मला निरोपातून कळवा.

त्याने घर गहाण ठेवून हा सिनेमा केला आहे. थिएटर प्रिंट बाहेर आली त्या रात्री तो एकटा बसून एकेका चॅनेलला तक्रार पाठवत होता. पहाटेपर्यंत चाळीस झाल्या. सकाळी त्यातले निम्मे दुसऱ्या नावाने परत आले होते.

परभणीकर, तुम्ही लिहिलंत की वीस रुपये घ्यायला कुणी उभं नाही. ते वाक्य मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग आपण उभे राहू.

लहानपणी पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत आम्ही तंबूत सिनेमे बघितले आहेत. ट्रकवर प्रोजेक्टर, खाली पोतं अंथरून बसायचं. बाहेर भोंगा लावलेला असायचा, त्यातून संवाद अर्ध्या यात्रेला ऐकू यायचे. मी आवाजाच्या कामात आलो तो बहुतेक त्या भोंग्यामुळेच. यात्रा मार्गशीर्षात असते. त्याच सुमाराला आमच्याकडे ऊस तोडायला टोळ्या आलेल्या असतात, बीडच्या आणि तुमच्या भागातल्याही. गावाबाहेर त्यांच्या कोप्या पडतात. इतकी वर्षं मी त्या बघतोय, पण त्या माणसांच्या फोनमध्ये काय असतं हे तुमच्यामुळे कळलं.

तर ठरवलंय असं. प्रोजेक्टर निर्माता आणणार. दोन स्पीकर आणि मिक्सर माझे, आणि ते कुठे ठेवायचे हे मी स्वतः बघणार. बांगडी शेवटच्या ओळीतल्या माणसाला ऐकू आली पाहिजे. पडदा भाऊ बांधणार, दोन बैलगाड्यांच्या मध्ये. लोड फार नाही, दोन किलोवॉटचा जनरेटर पुरेल, पण तो पन्नास-साठ हात लांब आणि बसलेल्या लोकांकडून वारा जिकडे जातो त्या बाजूला ठेवावा लागेल. एक सिनेमा, वीस रुपये, रोख. ज्याच्याकडे नसतील त्याने तसंच बसावं. भावाचे दोनशे त्यातच धरले आहेत, दहा तिकिटं त्याच्या नावावर.

टोळ्या नेणारे मुकादम तुमच्या ओळखीचे असतील. टोळ्या निघायच्या आधी त्यांच्यापैकी कुणाशी बोलून ठेवाल का? आमच्याकडे कोण येणार आणि कुठल्या कारखान्याला, एवढं कळलं तरी पुरे.

परभणीकर_मोबाईल

मुकादम दुकानातच येतो रिचार्जला. शुक्रवारी विचारून इथंच लिहितो. आणि तो मराठीच भरा म्हणणारा साताऱ्याकडंच जातो, त्याचा नंबर वहीत आहे.

एक सांगतो. खेळ सातच्या आत सुरू करा. उशिरा लावला तर बाया बसणार नाहीत. त्यांना पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापायच्या असतात.